लपलाय, पण कुणापासून? स्टेल्थवरून टेबलावर होणाऱ्या भांडणांचं समस्या निवारण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात डन्जन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या त्या गोष्टीच्या खेळाची, टेबलं आता बऱ्यापैकी चालतात. कुठं टिळकवाडीत कुणाच्या तरी माडीवर, कुठं उद्यमबागेतली पोरं सुट्टीला जमतात तेव्हा, तर कुठं पावसाळ्यात लाईट गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात. नवीन डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) अडला की "एकदा येऊन बघा की" असा निरोप येतो, आणि गेल्यावर बहुतेक वेळा तीच नादुरुस्ती सापडते. कुणीतरी लपलेलं असतं किंवा अदृश्य असतं, आणि टेबल भांडत असतं. दुरुस्तीचा क्रमही आता ठरून गेलाय, तो लिहून ठेवतोय. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, डोकं आणि वेळ खाणाऱ्या नंतर.

लक्षणं

'रोग' (Rogue, चोर-हेराचं पात्र) खेळणारा भर चौकात चार पहारेकऱ्यांसमोर "मी लपतो" म्हणतो आणि स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) रोल करतो, म्हणजे फासा टाकून त्यात कौशल्याचे गुण मिळवतो. बेरीज २७. "२७ आलेत की अण्णा, आता दिसणार कसा?" "कुठं लपलास गा? तिथं झाड तरी आहे काय?" पुढची वीस मिनिटं यातच जातात.

चौघांची टोळी दबकत निघते आणि चेन मेलवाला (साखळी चिलखतातला) हमखास आवाज करतो. दोन-तीन सेशननंतर दबकत जायचं कुणी नावच काढत नाही, थेट दार फोडतात.

डीएम "परसेप्शन टाका" म्हणतो, म्हणजे काही दिसतंय-ऐकू येतंय का ते फाशावर बघायचं. सगळ्यांत मोठा आकडा ४ येतो. "काही दिसत नाही" हे शब्द बाहेर पडायच्या आत सगळ्यांच्या तलवारी उपसलेल्या असतात.

अदृश्य शत्रूची मिनी (छोटी बाहुली) मॅपवरून उचलली की दोनपैकी एक होतं. एक तर खेळाडू हातावर हात ठेवून बसतात, नाहीतर सगळे बरोब्बर त्याच चौकोनावर वार करतात, कारण डीएमची नजर सारखी तिथंच जात असते.

आणखी एक लक्षण आहे, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. स्वतःचं पात्र लपून वार करतं तेव्हा टाळ्या पडतात, आणि तोच डाव गोब्लिनने (डीएमच्या हातातल्या छोट्या राक्षसाने) टाकला की ती फसवणूक ठरते.

यातली दोन जरी लक्षणं जुळली तरी पुढच्या तपासण्या क्रमाने करा. मधली एखादी गाळून शेवटची करायला जाऊ नका.

आधी पुस्तकाचं साल बघा

याला पैसा लागत नाही आणि बराचसा वाद इथंच मिटतो. पाचव्या आवृत्तीची २०१४ ची आणि २०२४ ची अशी दोन खेळाडू-पुस्तकं एकाच टेबलावर फिरताना मी कायम बघतो. एकाच्या मोबाईलमध्ये जुने नियम, दुसऱ्याच्या हातात नवं पुस्तक, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

२०१४ च्या नियमांत लपण्याजोगी परिस्थिती आहे का हे डीएम ठरवतो, आणि स्टेल्थची बेरीज समोरच्याच्या पॅसिव्ह परसेप्शनशी (फासा न टाकता धरायच्या सावधपणाच्या आकड्याशी) ताडून बघतात. २०२४ मध्ये अटी पक्क्या लिहिल्या आहेत. दाट अंधार-धुकं तरी हवं, नाहीतर निदान तीन-चतुर्थांश आडोसा हवा. शिवाय कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात नको. मग डीसी (रोलमध्ये गाठायचा आकडा) १५. जमलं तर 'इन्व्हिजिबल' (अदृश्य) ही कंडिशन, म्हणजे अवस्था, मिळते, आणि जी बेरीज आली ती शोधणाऱ्यासाठी डीसी होते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूला सापडलात, हल्ल्याचा रोल केला किंवा तोंडाने म्हणायची स्पेल (मंत्र) टाकली की ती कंडिशन संपली.

सरप्राइजमध्येही असाच फरक आहे. जुन्या नियमात बेसावध सापडलेला पहिल्या टर्नला हलतही नाही आणि काही करतही नाही. नव्यात त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या (कोण आधी खेळणार याच्या) रोलवर डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून लहान आकडा घ्यायचा) मिळतो. रोग खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही, त्यामुळे सेशन सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाका.

नव्या पुस्तकात एक खाच आहे. कंडिशनचं नाव 'इन्व्हिजिबल' असल्यामुळे एखादा हुशार गडी खांबामागे लपतो, कंडिशन घेतो आणि उजेडात भर अंगणातून शीळ न घालता चालत जातो. "संपायच्या यादीत हे नाहीच की." माझा निर्णय ठरलेला असतो: आडोसा सोडून कुणाच्या तरी डोळ्यांसमोर स्वच्छ उजेडात आलास, म्हणजे त्याला सापडलास. हा निर्णय पहिल्याच दिवशी सांगा. चकमकीच्या मधे सांगितलात तर तो सूड वाटतो.

फासा हातात घ्यायच्या आधी

पुस्तक एकच असून वाद होत असेल तर फासा लवकर पडतोय. "मी लपतो" ऐकलं की डीएमने विचारायचं: कुणापासून? कशाच्या आड? या दोन्हींना नीट उत्तर नसेल तर रोल नाहीच. २७ आले काय आणि ४७ आले काय, उघड्यावर उभ्या माणसाला लपता येत नाही. एकदा फासा पडला की खेळाडूला त्या आकड्यावर हक्क वाटू लागतो, आणि तुम्ही तो हिरावून घेताय असं दिसतं.

आमच्याकडचे डीएम किल्ला म्हटला की येळ्ळूरचा राजहंसगड डोळ्यासमोर ठेवूनच नकाशा काढतात: दरवाजा, तट, बुरूज आणि आत मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत लपणं कसं असेल ते डोळे मिटून बघा, उत्तर लगेच मिळतं. बुरुजाच्या वळणाआड जमेल, दरवाजाच्या कमानीत सावली असली तर जमेल, मधल्या मैदानात जमणार नाही. खेळाडूला "नाही" म्हणून थांबू नका, "त्या कमानीपर्यंत पोचलास तर होईल" असं सांगा. तिथवर पोचायला त्याची हालचाल खर्च होते आणि सगळं आपोआप खेळात येतं.

"कुणापासून" हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. तटावरच्या पहारेकऱ्यापासून लपलेला माणूस खालच्या कुत्र्याला स्वच्छ दिसत असू शकतो. लपणं एका वेळी एकाच बघणाऱ्याच्या हिशेबाने मोजायचं. सगळ्यांसाठी मिळून एकच उत्तर द्यायला गेलात की गुंता झालाच.

उजेड तपासा

ही तपासणी सोपी आहे, तरी बहुतेक टेबलांवर ती होत नाही. "आम्हाला डार्कव्हिजन आहे" म्हटलं की विषय संपला असं सगळे धरून चालतात. डार्कव्हिजनवाल्याला त्याच्या टप्प्यातला मिट्ट अंधार मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात डोळ्यांनी बघायच्या परसेप्शनवर डिसॲडव्हान्टेज असतो. पॅसिव्हमध्ये त्याचे ५ वजा होतात.

आकड्यात बघा. एल्फ जातीच्या पात्राचं पॅसिव्ह १४ आहे. जुन्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या (राक्षसांच्या पुस्तकातल्या) गोब्लिनचं स्टेल्थ +६. उजेडात गोब्लिनला निसटायला फाशावर ९ तरी हवेत, म्हणजे ६० टक्के. अंधारात एल्फचं पॅसिव्ह ९ वर येतं, मग ४ पडले तरी पुरे, म्हणजे ८५ टक्के. उलट बाजूही तशीच. गोब्लिनचं स्वतःचं पॅसिव्ह ९, अंधारात ते उरतं ४. तुमचा रोग अंधारात गोब्लिनच्या तळावर निवांत फिरू शकतो. हे सांगितलं की फसवणुकीची तक्रार निम्मी विरते.

मशाल २० फुटांपर्यंत लख्ख आणि पुढचे २० फूट मंद उजेड देते. मॅपवर हे दोन्ही मिळून आठ चौकोन होतात. मशालवाल्या पहारेकऱ्याला त्यापलीकडचं दिसतच नाही, त्यामुळे तिथं फक्त आवाजाचा प्रश्न उरतो. तो स्वतः मात्र लांबून दिसतो. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्याला धुक्याचा नियम समजावून सांगावा लागत नाही: विरळ धुकं म्हणजे डिसॲडव्हान्टेज, दाट धुकं म्हणजे त्या बाजूला बघताना आंधळाच.

रोल किती वेळा होतोय ते मोजा

पुस्तक, आडोसा, उजेड सगळं ठीक असूनही टोळी दर वेळी पकडली जात असेल तर दोष गणितात आहे. चौघांपैकी प्रत्येकाला ६० टक्के संधी असेल आणि "एक जरी चुकला तरी सगळे सापडले" असा तुमचा हिशेब असेल, तर चौघंही निसटायची शक्यता जेमतेम १३ टक्के. मग पोरं दार फोडणारच.

त्यावर पुस्तकातच ग्रुप चेक आहे. सगळ्यांनी रोल करायचा, निम्मे किंवा जास्त जमले तर सगळी टोळी पार. त्याच चौघांची शक्यता थेट ८२ टक्क्यांवर जाते. चिलखतवाला धडपडतो, रोग त्याला सावरतो, असं वर्णन करायलाही जागा मिळते.

दुसरी गळती म्हणजे दर वळणावर नवा रोल. ७० टक्के संधी असलेल्या गड्याला तीनदा रोल करायला लावलात तर सुखरूप पोचायची शक्यता ३४ टक्के उरते. एका घुसखोरीला एकच रोल घ्या आणि तोच आकडा चालू ठेवा. काही बदललं, म्हणजे कुत्री सोडली, गजर झाला किंवा कुणी पळत सुटलं, तरच नवा.

कोण काय जाणतं, ते वहीत लिहा

आता खरी मेहनत. वरचं सगळं करूनही वाद राहिला तर कारण बहुतेक इथं असतं. टेबल 'दिसत नाही' आणि 'कुठं आहे ते माहीत नाही' या दोन गोष्टी एकच समजतंय. त्यांची फारकत केल्याशिवाय अदृश्य शत्रूची एकही चकमक नीट चालत नाही.

तीन पायऱ्या धरा. पहिली, समोरचा दिसतोय. दुसरी, दिसत नाही पण कुठं आहे ते कळतंय: पावलं वाजताहेत, चिखलात ठसे उमटताहेत, धाप ऐकू येतेय. तिसरी, आहे इतकंच ठाऊक, जागा माहीत नाही. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत या पायऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत आणि 'आहे हेसुद्धा माहीत नाही' अशी चौथीही आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये नियम तेच सांगतात, पण चार ठिकाणी विखरून.

कुणी अदृश्य होण्याची स्पेल टाकली की तो दुसऱ्या पायरीवर जातो. तिसरीवर जायला त्याला वेगळं लपावं लागतं, म्हणजे हाइड ॲक्शन आणि स्टेल्थचा रोल. त्यामुळे अदृश्य पण न लपलेल्या शत्रूवर वार करता येतो. डिसॲडव्हान्टेजने का होईना, चौकोन माहीत असतो. तो लपला तर चौकोनाचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर वार आपोआप फुकट. इथं डीएमने फक्त "लागला नाही" म्हणायचं. चौकोन चुकला की फासा कमी पडला, हे सांगितलंत तर लपण्याला काही अर्थ उरत नाही.

लपलेल्याने हल्ला केला की त्याची जागा उघडी पडते, वार लागो किंवा न लागो. अदृश्यपण टिकून असलं तर तिसरीवरून तो दुसरीवर येतो. हे विसरून डीएम अदृश्य शत्रूला सगळी लढाई तिसऱ्या पायरीवर ठेवतात आणि मग खेळाडू चिडतात, ते बरोबरच आहे.

दोघंही एकमेकांना दिसत नसतील तर? न दिसणाऱ्याला मारायचा डिसॲडव्हान्टेज आणि न दिसता मारायचा ॲडव्हान्टेज एकमेकांना खाऊन टाकतात, साधा रोल उरतो. दाट धुक्यात दोन आंधळे दिवसाउजेडी लढल्यासारखे लढतात. हास्यास्पद वाटतं खरं, पण नियम तोच आहे आणि तो बदलायचा असेल तर आधी सगळ्यांना सांगून बदला.

वहीचं पान असं आखा: डावीकडे लपलेल्यांची नावं, वर बघणाऱ्यांची, आणि मधल्या घरांत १, २ किंवा ३. पहिल्या चकमकीत वेळ खातं. नंतर वहीकडे क्वचितच बघावं लागतं.

चिंचोके आणि वाटी

नजरेवरून चौकोन ओळखला जाणं हा सामानाचा दोष आहे. मिनी उचलू नका आणि जागच्या जागीही ठेवू नका. निपाणीच्या एका टेबलावर मी पाहिलेला उपाय आता सगळीकडे सांगतो. जिथं आवाज झाला तिथं चिंचोका ठेवायचा. काळी बाजू वर असेल तर आवाज याच फेरीतला. पुढच्या फेरीला चिंचोका घासलेल्या पांढऱ्या बाजूवर पालथा करायचा, म्हणजे बातमी शिळी झाली. त्यापुढच्या फेरीला उचलायचा. शत्रूचा खरा चौकोन चिठ्ठीवर लिहून ती स्टीलच्या वाटीखाली, सगळ्यांसमोर. कुणी अंदाज बांधून वार केला आणि नंतर शंका काढली तर चकमक संपल्यावर वाटी उचलून दाखवायची. डीएमवरचा संशय तिथंच संपतो, आणि डोळ्यांनाही वाटीकडे बघायची मोकळीक मिळते.

चिंचोके पडले की टेबलावरची भाषाच बदलते. "यल्लि अदान?" (कुठं आहे तो?) म्हणून ओरडणारा कन्नड गडी आणि "थांब की, तो विहिरीकडं गेला" म्हणणारा मराठी गडी मिळून हिशेब लावायला लागतात.

गुपचूप रोल

सगळ्यांनी ४ बघून तलवारी उपसायच्या दुखण्यावर औषध सोपं आहे. सेशनच्या आधी वीस बाजूंचा फासा टाकून वीसेक आकडे वहीत लिहून ठेवा आणि परसेप्शन लागलं की क्रमाने वापरत जा. किंवा सरळ पॅसिव्हवर भागवा. खेळाडू "मी शोधतो" म्हणून स्वतःहून ॲक्शन खर्च करत असेल तर मात्र फासा त्याच्याच हातात द्या, तो त्याचा हक्क आहे.

राक्षसाचे कान-नाक आणि स्पेलची ओळ

ही तपासणी वेळखाऊ, कारण पुस्तकं उघडावी लागतात. प्राण्याच्या माहितीत ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय ओळखणं), ट्रेमरसेन्स (जमिनीच्या थरथरीवरून ओळखणं) असलं काही आहे का बघा. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथल्या रॉटनच्या वटवाघळामुळे प्राणिशास्त्रात त्यांचं नाव आहे. आमच्याकडच्या निम्म्या मोहिमा कधी ना कधी तशाच एखाद्या गुहेत शिरतात. तिथं अदृश्य होऊन उपयोग नाही, खेळातलं वटवाघूळ ६० फुटांपर्यंत डोळ्यांशिवाय ओळखतं. २०१४ च्या नियमांत त्याचे कान बधिर केले की ही शक्ती जाते. असला तोडगा खेळाडूंना सुचावा म्हणून आधी एक-दोन खुणा पेरून ठेवा.

स्पेलमध्ये 'दिसणारा' हा शब्द शोधा. मॅजिक मिसाइलला लक्ष्य दिसावं लागतं, फायरबॉलला नुसती जागा पुरते. पळणाऱ्यावर मिळणारा फुकटचा वारसुद्धा तो दिसत असेल तरच मिळतो, म्हणून अदृश्य शत्रू तुमच्या बाजूने आरामात निघून जातो. फेअरी फायर (अदृश्यालाही उजळून दाखवणारी स्पेल) कुणाकडे आहे का, तेही विचारून ठेवा.

खेळच बदलणं

सगळं करून झालं, टेबलाला लपाछपीच मनापासून आवडते आणि तरी नियम तोकडे वाटतात, तर पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती घ्या. तिथं जागा माहीत असलेल्या पण न दिसणाऱ्याला मारताना आधी ११ चा सपाट रोल (फाशात काही न मिळवता ११ किंवा जास्त) करावा लागतो, आणि शोधायला वेगळी ॲक्शन आहे. शिकायला मात्र काही आठवडे जातील. चालू मोहीम मोडून हे करू नका, नवीन मोहिमेपासून करा.

इथं थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

एकाच नियमावर तिसऱ्यांदा वाद झाला की स्वतः नवीन नियम रचायच्या भानगडीत पडू नका. प्रकाशकांची अधिकृत स्पष्टीकरणं आधी बघा. तरी सुटत नसेल तर दुसऱ्या टेबलावरचा मुरलेला डीएम बोलवा.

वाद नियमाचा नसून दोन माणसांचा असेल, म्हणजे कुणी आपल्याच टोळीतल्याचे पैसे चोरायला स्टेल्थ वापरतोय, कुणी फासे चोरून फिरवतोय, तर वरची एकही तपासणी कामाची नाही. खेळ थांबवा आणि त्या दोघांशी टेबलाबाहेर बोला.

आणि न दिसणारं काहीतरी मागावर आहे, या प्रसंगाने एखाद्याला खरोखरच भीती बसली, हात कापायला लागले, श्वास लागला, तर तो प्रसंग तिथल्या तिथं बंद करा, दिवे लावा, त्याच्याजवळ बसा. असं परत परत होत असेल तर ते डॉक्टरकडे न्यायचं काम आहे, डीएमचं नाही.

मुरलेल्या डीएमला बोलवलंत तर तो यायच्या आधी तीन गोष्टी टेबलावर काढून ठेवा: कुठल्या सालचं पुस्तक, सगळ्यांची पात्रपत्रं, आणि ज्या चकमकीत भांडण झालं तिचा नकाशा. त्याला एक पूर्ण चकमक नुसती बघू द्या, मधे नियम विचारू नका.